चौथीतल्या मुलीला साहित्यप्रकार कसे समजवायचे? मदत हवी आहे

मुलुंडची_आई:
नमस्कार मंडळी, माझी लेक चौथीत आहे, वाचायचं वेड भरपूर. आता शाळेतून एक वर्कशीट आलंय, दहा पुस्तकांची नावं आणि समोर प्रकार लिहायचा, ऑप्शन दिलेत कविता, नाटक, रहस्यकथा, विज्ञानकथा, परीकथा, लोककथा, बोधकथा, चरित्र आणि ऐतिहासिक कादंबरी. काल जेवणं झाल्यावर बसलो आणि दुसऱ्याच पुस्तकाला अडलो, फास्टर फेणे. ती म्हणते रहस्यकथा, मी म्हटलं साहसकथा, तर तो ऑप्शनच नाही, मग रडारड. वर तिने असा प्रश्न विचारला की मला उत्तरच देता येईना. आई, द्राक्षांच्या गोष्टीत कोल्हा बोलतो, मग ती परीकथा का नाही, बोधकथा का? मला व्याख्या पाठ करून घ्यायच्या नाहीयेत, तिला आतून कळायला हवंय. कोणी शिकवलंय का हे मुलांना?

पार्ल्याचा_बाबा:
ताई, लेकीचं काही चुकलेलं नाही, वर्कशीटमध्येच दोन गोष्टींची खिचडी झालीये. कविता, नाटक, कथा, कादंबरी हे लिहिण्याचे आकार, आणि रहस्य, विज्ञान, भय, परी हे आत काय भरलंय त्याचं नाव. म्हणून एकच पुस्तक दोन्हीकडे बसतं. रत्नाकर मतकरींचं निम्मा शिम्मा राक्षस घ्या, आकाराने नाटक आणि आत राक्षस, मग मुलाने काय लिहायचं? मी माझ्या मुलाला शाळेच्या डब्यावरून सांगितलं होतं, डबा स्टीलचा की प्लास्टिकचा हा एक प्रश्न आणि आत पोहे की उपमा हा दुसरा. लगेच कळलं त्याला. बाईंना वहीत दोन ओळींची चिठ्ठी लिहून पाठवा, समजून घेतील.

दादर_वाचनालय:
मी चौदा वर्षं वाचनालयात मुलांचा विभाग बघते. मी मुलांना प्रकाराचं नाव विचारतच नाही, मी विचारते की या गोष्टीत शेवटी काय झालं तर तुला फसवल्यासारखं वाटेल? मागे सुट्टीत सात-आठ मुलं बसली होती, मी एक गोष्ट रचून सांगितली, वाड्यातला हार चोरीला जातो, तिघांवर संशय, पावलांचे ठसे, मागच्या दाराची तुटलेली कडी, आणि शेवटी सांगितलं की हार भुताने नेला. सगळी एका सुरात ओरडली, चीटिंग! का बरं चीटिंग? कारण रहस्यकथेत उत्तर आधी दिलेल्या खुणांमधूनच यायला हवं, तो लेखकाने वाचकाला दिलेला शब्द असतो. तेच भूत भयकथेत आलं तर कोणी तक्रार करत नाही. परीकथेत भोपळ्याची गाडी झाली तर इंजिन कुठंय असं पोरं विचारत नाहीत, पण विज्ञानकथेत विचारतात आणि विचारायलाच हवं, तिथे नवल आहे पण त्याला कारण लागतं. नारळीकरांच्या कथा मुलांना पटतात त्या यामुळेच, तो माणूस स्वतः आकाशातलं गणित मांडणारा होता.

आता तुमच्या कोल्ह्याबद्दल. बोधकथेतला कोल्हा जादूने बोलत नाही, तो कोल्ह्याच्या कातड्यातला माणूसच असतो, म्हणून तर आपण माणसांनाच म्हणतो ना, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. लेकीला एक करून बघायला सांगा, गोष्टीतून तात्पर्य काढून टाक आणि बघ काय उरतं. एक कोल्हा आला, उड्या मारल्या, निघून गेला, बस. परीकथेतून तात्पर्य काढलं तरी राजकन्या, जंगल, राक्षसाचा जीव पोपटात, हे सगळं उरतंच.

गिरगावचे_आजोबा:
वरच्या ताईंचं उत्तर फार आवडलं. मी चरित्र आणि ऐतिहासिक कादंबरीबद्दल लिहितो, कारण यात मोठी माणसंसुद्धा गोंधळतात. नातवाला शिवाजी महाराजांवरची एक कादंबरी वाचून दाखवत होतो, १६६६ सालचा आग्र्याचा प्रसंग, महाराज रात्री एकटेच आहेत आणि मनात काय काय म्हणतायत असं दीड पान. नातू मध्येच थांबवून म्हणाला, आजोबा खोलीत कोणी नव्हतं तर हे ऐकलं कोणी? मी पुस्तक मिटून त्याच्याकडे बघतच राहिलो. नऊ वर्षांचं पोर! आग्र्याची कैद खरी, सुटका खरी, पण ते दीड पान लेखकाने मनाने लिहिलेलं. चरित्र लिहिणाऱ्याला तसं करता येत नाही, त्याला पत्र, बखर, कागद काहीतरी दाखवावं लागतं. तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न ठरलेला, हे ऐकलं कोणी?

काही पुस्तकं मात्र सीमेवरच राहतात, त्यांना ओढून कुठल्या एका खणात टाकू नये. श्यामची आई साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, बालपण त्यांचंच, पण सांगणारा श्याम आणि तो रोज रात्री एक अशा ४२ रात्रींत सांगतोय, म्हणजे आठवण खरी आणि मांडणी रचलेली. आणि लोककथेला तर लेखकच नसतो. शेणाचं घर मेणाचं घर माझी आई सांगायची त्यात कावळ्याला तव्याचा चटका बसायचा, सासूबाई सांगायच्या त्यात तो खीर खाऊन पळायचा, दोन्ही बरोबर.

मुलुंडची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, आजोबा तुमच्या नातवाला गोड पापा. काल रात्री दादरच्या ताईंचा प्रश्न विचारला, फास्टर फेणेमध्ये काय झालं तर तू चिडशील? ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि म्हणाली, चोर नाही सापडला तरी चालेल, पण बन्या घाबरून घरी बसला तर मी पुस्तकच बंद करीन. मग स्वतःच म्हणाली, म्हणजे साहस! वर्कशीटवर रहस्यकथा लिहिलंय आणि बाजूला पेन्सिलने छोट्या अक्षरात ‘आणि साहस’. खोडू नकोस म्हटलं. आता तिला विज्ञानकथा हव्यात, कुठून सुरुवात करू?

दादर_वाचनालय:
किशोर मासिकाचे जुने अंक बघा, बालभारती ते १९७१ पासून काढतंय आणि जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट वाचायला आहेत. एकेका अंकात गोष्ट, कविता, विज्ञान, कोडी सगळं असतं. आधी तिला नुसतं चाळू द्या, कुठे थांबते ते बघा आणि इथे सांगा, मग पुढची पुस्तकं सुचवते.