वायरचे जाळे आधीच असलेल्या घरात वायफाय कसे जोडावे?

पडवी:
नमस्कार. आमचे घर रत्नागिरीजवळ असून ते दुमजली आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि मधे स्लॅब आहे. घर बांधतानाच भिंतींतून पाइप घालून प्रत्येक खोलीत कॅट ५ई प्रकारची नेटवर्क वायर नेली होती. त्या सर्व वायरी माजघरातल्या आठ पोर्टच्या नेटवर्क स्विचमध्ये (वायरी एकत्र जोडणाऱ्या पेटीत) येतात आणि तो स्विच फायबरच्या राऊटरला जोडलेला आहे. डेस्कटॉप, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर या वायरींवर अनेक वर्षे व्यवस्थित चालत आहेत. अडचण फोन आणि लॅपटॉपची आहे, कारण फायबरच्या राऊटरचे वायफाय वरच्या मजल्यावर पोहोचत नाही आणि मुलीचा अभ्यास व माझे कार्यालयाचे काम वरच चालते. दुकानदाराने रिपीटर सुचवला आहे. घरात एक जुना वायफाय राऊटरही पडून आहे. रिपीटर घ्यावा, जुना राऊटर वरच्या खोलीतील सॉकेटला जोडावा, की मेशचा (मिळून एकच वायफाय देणाऱ्या अनेक युनिटांचा) संच घ्यावा? वरच्या फोनवरून खालचा प्रिंटर व रेकॉर्डर दिसणे मात्र आवश्यक आहे.

निळी वायर:
आपल्याकडे भिंतीतून वायर गेलेली आहे, ही या घरातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ती असताना रिपीटर घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. रिपीटर हवेतून संदेश घेतो आणि हवेतूनच पुढे पाठवतो. एकच रेडिओ असलेल्या साध्या रिपीटरला ही दोन्ही कामे एकाच चॅनेलवर आळीपाळीने करावी लागत असल्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय जाड चिऱ्याची भिंत आणि लोखंडी सळयांचा स्लॅब ओलांडून आधीच क्षीण झालेला संदेशच त्याच्या हाती लागतो, आणि पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की त्यात आणखी भर पडते. आपल्याला हवा आहे तो अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे एका बाजूने वायर आणि दुसऱ्या बाजूने वायफाय एवढेच काम करणारे उपकरण. जुना राऊटर हे काम उत्तम करू शकतो, परंतु त्याला राऊटर म्हणून वागू देता कामा नये.

यामागचे कारण नीट समजून घ्यावे. घरातील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देण्याचे काम आज फायबरचा राऊटर करतो. जुना राऊटर त्याच्या वॅन (इंटरनेटची वायर घेणाऱ्या) पोर्टमधून तसाच जोडला, तर तो आपल्यामागे दुसरे, वेगळे जाळे तयार करतो आणि फोन त्या दुसऱ्या जाळ्यात जातात. इंटरनेट चालते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. पण प्रिंटर शोधताना फोन जी हाक देतो, ती त्या राऊटरपलीकडे जात नाही. दोन्ही राऊटर १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते देत असतील, तर गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून जुना राऊटर भिंतीच्या सॉकेटला जोडण्यापूर्वी आधी फक्त लॅपटॉपला जोडून रीसेट करावा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की बहुतेक काम होते. नसेल, तर पहिल्यांदा त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा: फायबरचा राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल आणि तो शेवटचा आकडा १०० पासून २०० पर्यंत असलेले पत्ते वाटत असेल, तर जुन्या राऊटरला १९२.१६८.१.२ द्यावा, म्हणजे तो वाटपाच्या बाहेर राहील आणि कोणाशी टक्कर होणार नाही. नंतर त्याचा डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटण्याचे काम, बंद करावा, वायफायचे नाव व पासवर्ड भरावा, व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा, आणि मग सॉकेटमधील वायर त्याच्या लॅन (घरातील उपकरणांसाठीच्या) पोर्टपैकी एकात घालावी. वॅन पोर्ट मोकळाच राहील. स्विचपासून त्या राऊटरपर्यंत एकच वायर असू द्यावी. जादा वेगाच्या आशेने दुसरीही जोडली, तर साध्या स्विचमध्ये चक्र तयार होऊन संपूर्ण घराचे जाळे ठप्प होते.

सह्यकडा:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त जुन्या राऊटरविषयी थोडा सावध आहे. त्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट मिळणे बंद झाले असेल किंवा त्यात डब्ल्यूपीए२ ही वायफायची सुरक्षा पद्धतसुद्धा नसेल, तर तो वापरू नये. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन देऊन जोडण्याची) सुविधा दोन्ही ठिकाणी बंद ठेवावी. मेशचा संच वाईट नाही, पण तो घेतलाच तर त्याचे युनिट आपल्या वायरनेच एकमेकांना जोडावेत आणि संच अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये चालवावा. हवेतून जोडले, तर भिंतींची अडचण कायम राहते.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार वर-खाली एकच ठेवावा, चॅनेल मात्र वेगळे ठेवावेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात, तेव्हा खाली १ आणि वर ६ किंवा ११ घ्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर अडते, पण खोलीतल्या खोलीत त्याचाच वेग चांगला मिळतो. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडायचे हे मुख्यतः फोन ठरवतो. वर गेल्यावरही फोन खालच्या क्षीण वायफायला चिकटून राहत असेल, तर खालच्या राऊटरची प्रसारणशक्ती थोडी कमी करून पाहावी.

पडवी:
आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे जोडणी केली. प्रिंटर व रेकॉर्डर वरच्या फोनवर दिसू लागले, याचा फार आनंद आहे. मात्र आमची जोडणी २०० एमबीपीएसची असूनही वर वेग ९४च्या पुढे जात नाही, अगदी राऊटरच्या शेजारी बसून ५ गिगाहर्ट्झवर मोजला तरी. आणखी एक विचारतो: अंगणापलीकडे सुमारे चाळीस मीटरवर मांगर (घरापासून वेगळी छोटी इमारत) आहे, तेथेही अशीच वायर नेऊन दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावता येईल का?

निळी वायर:
९४ हा आकडा बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या वायरजोडणीतून प्रत्यक्षात एवढाच वेग हाती येतो, त्यामुळे येथे वायफायचा दोष नाही. जुन्या राऊटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असू शकतात, किंवा वायरीच्या चार जोड्यांपैकी एखादी सॉकेटमध्ये नीट बसलेली नसेल. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार सुटली तरी जोडणी बंद पडत नाही, गुपचूप खालच्या वेगावर येते. लॅपटॉपला गिगाबिट पोर्ट असेल, तर तो त्याच सॉकेटला वायरने जोडून मोजावा. तेथे पूर्ण वेग मिळाला तर जुना राऊटर बदलावा लागेल. तेथेही ९४च आला, तर आधी स्विचचे पोर्ट गिगाबिट आहेत ना ते पाहावे, आणि असतील तर वायरीची दोन्ही टोके उघडून आठही तारा एकाच रंगक्रमाने पुन्हा बसवून घ्याव्यात.

सह्यकडा:
राऊटर बदलावा लागला, तर पीओईवर (नेटवर्कच्या वायरीतून वीज देण्याच्या पद्धतीवर) चालणारा छताचा अ‍ॅक्सेस पॉइंट पाहावा, कारण त्याला वीज त्याच वायरीतून मिळते. माजघरातील पीओई इंजेक्टर (वायरीत वीज घालणारे उपकरण), स्विच आणि फायबरचा राऊटर इन्व्हर्टरवर घेतले, की वीज गेल्यावरही वरचे वायफाय चालू राहते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही सोय फार उपयोगी पडते.

मांगरासाठी लांबीची अडचण नाही, कारण अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते. पण दोन इमारतींच्या मधे उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर त्या तारेत उसळणारा दाब स्विचसकट रेकॉर्डर आणि डेस्कटॉपही जाळू शकतो. तेवढ्या अंतरासाठी, ज्यात आधाराची धातूची तार नाही अशी बाहेर वापरायची फायबर वायर घ्यावी, दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर व तांब्याची वायर जोडणारे उपकरण) बसवावा आणि मांगरातील अ‍ॅक्सेस पॉइंट तेथल्याच विजेवर चालवावा. वायर जमिनीखालून न्यायची असेल, तर ती पाइपमधूनच न्यावी.