बोलका रेडिओ: पूर्वी कंटाळा यायचा, आता गोडी लागली, असं कुणाचं झालंय?

जुना ट्रान्झिस्टर लावला की आधी खरखर, मग कुणाचा तरी संथ आवाज, आणि "ही बडबड बंद करा, गाणी लावा" म्हणण्याचे दिवस आठवतात. आता नेमकी तीच बडबड हवीशी वाटते: चर्चा, मुलाखती, श्रोत्यांचे फोन. वयाचा भाग असेलच, पण सेट नीट लागणं हे त्याहून मोठं कारण. गाणं अर्धवट ऐकू आलं तरी चाल कळते. बोलण्यातला एक 'नाही' निसटला की अर्थच फिरतो. तर सेट कसा लावता, काय बिघडतं, ते लिहा.

---

मीडियम वेव्हला दांडी वर ओढून काही होत नाही, ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे आतला फेराइट रॉड, तार गुंडाळलेली काळी कांडी. म्हणून अख्खा सेट फिरवायचा. रॉड केंद्राच्या दिशेला आडवा आला की आवाज सर्वात स्वच्छ, टोक केंद्राकडे गेलं की जवळजवळ गायब. दुसरं केंद्र मध्ये घुसत असेल तर हेच उलटं वापरा, त्याच्याकडे टोक करा.

---

+१
आणि एलईडी बल्ब, चार्जर यांच्यापासून दीड-दोन मीटर लांब. आधी सेलवर चालवून बघा. खरखर गेली तर दोष अ‍ॅडाप्टरचा. नाही गेली तर घरातला एकेक प्लग काढत जा, चोर सापडतो.

---

बास (खर्जाचा भाग) कमी करा!! शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि ती वरच्या पट्टीत असतात. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्यावरच चालायचा, तरी माणूस कळायचा. घुमणाऱ्या मोठ्या स्पीकरपेक्षा ३ इंची बरा. एफएमला सूंऽऽ येत असेल तर स्टिरिओ बंद करून मोनो करा, बोलण्यात काही कमी होत नाही.

---

भांडी घासताना ऐकणाऱ्यांनी सेट नळाजवळ ठेवू नये. पाण्याचा आवाज नेमका स, श, फ खातो. कानाच्या उंचीवर, पाठीमागच्या फळीवर ठेवा. घाईत लिहितेय, बाकी नंतर.

---

मोबाईलवर इअरफोनशिवाय एफएम का लागत नाही? ब्लूटूथवालाही चालत नाही.

---

^ ताई, वायर हीच अँटेना. वायर जोडून ठेवा आणि आवाज फोनच्या स्पीकरवर घ्या. वायर गुंडाळू नका, १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ७५ सेंमी सरळ लोंबली की काम होतं.

---

रात्री लांबची केंद्रं लागतात त्याची मजा कुणी लिहिलीच नाही! दिवसा उन्हामुळे वातावरणात उंचावर विद्युतभारित थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात; तो मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. आवाज लाटांसारखा वरखाली होतो, कारण एकच लहर दोन वाटांनी येते आणि कधी जुळते, कधी एकमेकींना मारते. तो सेटचा दोष नाही, उगाच खोलू नका.

---

आवाजाचं बटण फिरवताना खर्रखर्र येत असेल तर मात्र खोला. कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा, मग बटण १५-२० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेलकट स्प्रे नको, धूळ धरतो. सेल महिनाभर वापरणार नसाल तर काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळून पांढरी बुरशी धरली असेल तर कापसाच्या काडीने व्हिनेगर, मग स्पिरिट, आणि पूर्ण वाळू द्या.

---

कार्यक्रमात फोन करणार असाल तर आधी घरातला रेडिओ बंद करा. नाहीतर स्वतःचाच आवाज मागून येतो आणि बोलणं अडखळतं.

---

नेटवरून ऐकताना तासाला वाजणाऱ्या टूंटूंवर घड्याळ लावू नका. ते ठोके बीबीसीने १९२४ मध्ये सुरू केले, आता शेवटचा ठोका लांब असतो, त्याची सुरुवात म्हणजे बरोबर तास. पण नेटवर तो काही सेकंद उशिरा पोचतो.

---

नेटवर डेटा किती जातो?

---

६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट) तासाला साधारण २९ एमबी. नुसत्या बोलण्याला ३२ सुद्धा पुरतं, म्हणजे निम्मा.