पर्सेपोलिसमध्ये युद्ध नाही, म्हणून प्रचारही नाही?

प्राचीन इराणची राजधानी पर्सेपोलिसच्या शिल्पांत एकही लढाई नाही, सगळे नजराणे घेऊन शांतपणे चाललेत, म्हणून इराणी सम्राटांना शौर्याचा डांगोरा पिटायची गरज नव्हती, असं कुणी म्हटलं तर ते मला अर्धंच पटतं. पर्सेपोलिस हा दरबार. सम्राट दरायसचा दुसरा चेहरा पश्चिम इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर आहे: हातात धनुष्य, पाय गादीवर हक्क सांगणाऱ्या गौमाताच्या छातीवर आणि समोर गळ्यात दोर बांधलेले नऊ बंडखोर. शेवटचा टोकदार टोपीवाला शकांचा सरदार स्कुंखा तर मागाहून कोरून घातला! कोरीव काम इतकं उंचावर आहे की खालून मजकूर वाचणं अशक्य. म्हणून त्याच्या प्रती साम्राज्यभर धाडल्या. इजिप्तमध्ये एलिफंटाइनला अरामी भाषेतली एक प्रत पपायरसवर सापडली आहे.

आणि नाणी? दारिक या इराणी सोन्याच्या नाण्यावर मुकुटधारी राजा धनुष्य घेऊन गुडघ्यावर. हे नाणं ग्रीकांच्या हातीही खेळत होतं. इराणने स्पार्टाविरुद्ध ग्रीकांना चारलेल्या लाचेच्या या सोन्यामुळे मोहीम सोडून परतावं लागलेला स्पार्टाचा राजा आगेसिलाउस म्हणाला, मला हजारो धनुर्धाऱ्यांनी (म्हणजे या नाण्यांनी) आशियातून हाकललं. असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, खरंखोटं तोच जाणे.

पुढे सासानी घराण्याच्या काळात तर आडपडदाच उरला नाही. सम्राट पहिल्या शापूरने पर्सेपोलिसजवळच्या नक्श-ए-रुस्तमला दरायसच्याच थडग्याच्या कड्यावर स्वतःला घोड्यावर कोरून घेतलं. समोर गुडघे टेकलेला रोमन सम्राट (बहुतेक फिलिप), आणि २६० साली पकडलेल्या रोमन सम्राट व्हॅलेरियनचं मनगट शापूरच्या मुठीत. जवळच्याच शिलालेखातही तो बजावतो, व्हॅलेरियनला आम्ही स्वतःच्या हाताने पकडलं.