ऋषिकेश राफ्टिंग: आईचा खांदा आखडलेला आहे, कुठली राफ्ट मागू?

दिवाळीच्या सुट्टीत ऋषिकेशला जातोय. मी, बायको, दहावीतला मुलगा आणि आई (वय ६१). राफ्टिंगचा हट्ट आईचाच. तब्येत ठणठणीत आहे, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि पोहता येत नाही. फोनवर ज्याला विचारावं तो म्हणतो, "सर, राफ्ट तो सेम ही होती है." व्हिडिओंत मात्र दोन प्रकार दिसतात. एकात सगळे मिळून वल्हवतात. दुसऱ्यात गाईड मधोमध धातूच्या सांगाड्यावर बसून दोन लांब वल्ही मारतो, बाकीचे नुसते धरून बसतात. आईसाठी हा दुसरा बरा ना? तिथे मिळतो का? शिवाय चिरंजीवांना एकट्याने वल्हवायची फुगवलेली कयाक (छोटी अरुंद होडी) हवी आहे. द्यावी का?

प्रतिसाद १:
सेम नसते. पहिली पॅडल राफ्ट, दुसरी ओअर राफ्ट. ऋषिकेशला काही तासांच्या ट्रिपला बहुतेक पॅडल राफ्टच असते. गाईड मागे बसून दिशा धरतो, "फॉरवर्ड", "बॅक", "स्टॉप" ओरडतो आणि जोर तुम्ही लावायचा. ओअर राफ्ट जास्त करून अनेक दिवसांच्या मोहिमांत सामान वाहायला दिसते. तिच्यात गाईड तोंड पुढे ठेवून उलटं वल्हवतो, म्हणजे बोट प्रवाहापेक्षा हळू जाते आणि त्याला आडवं सरकायला वेळ मिळतो. पॅडल राफ्टचं बरोबर उलटं, तिला वेग दिल्याशिवाय ती वळत नाही. म्हणून सगळ्यांनी हात थांबवले की गाईडचं फारसं काही चालत नाही.

तिसरा प्रकारही असतो: गाईड मागच्या सांगाड्यावर दोन वल्ही घेऊन आणि पुढे तुमच्या हातात पॅडल. मिळाली तर तुमच्यासाठी हीच. तेव्हा प्रकाराचं नाव विचारत बसू नका, "गाईड कुठे बसतो आणि त्याच्या हातात काय असतं?" एवढं विचारा.

प्रतिसाद २:
ओअर राफ्टमध्ये नुसतं बसायचं, हे अर्धंच खरं. दोरी घट्ट धरावी लागते आणि लाटेचा हिसका नेमका खांद्यालाच बसतो. पॅडल राफ्टमध्ये तर बाहेरच्या ट्यूबवर बसून पाय आत अडकवायचे असतात. उलटली तर परत वर ओढतात ते लाईफ जॅकेटच्या खांदपट्ट्यांना धरून. डॉक्टरांना हे सगळं सांगून विचारा. ते हो म्हणाले तर ब्रह्मपुरीचा छोटा टप्पा, साधारण ९ किलोमीटर. त्याच्याही वरच्या शिवपुरीवरून आलात तर 'रोलर कोस्टर' आणि 'गोल्फ कोर्स' हे खळाळत्या लाटांचे टप्पे (रॅपिड) लागतात. कौडियालाच्या बाजूची 'द वॉल' ही रॅपिड आईंना घेऊन अजिबात नको.

प्रतिसाद ३ (अमेरिकेतून):
इकडे ग्रँड कॅन्यनला बुकिंग करतानाच बोट निवडावी लागते: ओअर राफ्ट, पॅडल राफ्ट, मोटरवाली अवाढव्य राफ्ट किंवा डोरी. डोरी कडक सांगाड्याची, दोन्ही टोकं वर उचललेली, दिसायला सगळ्यांत देखणी. खडकावर आपटली की रबरासारखी उसळत नाही, फुटते. सासूबाईंना आम्ही मोटरवालीत बसवलं. गंगेवर त्याचा उपयोग नाही, पण विचारलंत म्हणून.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. डॉक्टरांची वेळ घेतोय. कयाकचं राहिलं?

प्रतिसाद १:
पहिल्याच दिवशी नको. फुगवलेली कयाक राफ्टपेक्षा कितीतरी पटकन उलटते, आणि ऑक्टोबरातही गंगेचं पाणी गार असतं. आधी शांत पाण्यात कयाकमधून पडून परत चढायला शिकू दे. राफ्टबरोबर सेफ्टी कयाकवाला (पाण्यात पडलेल्याला गाठायला कयाकमधून सोबत असणारा) येणार का, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. नाही म्हणाले तर दुसरीकडे बघा.