ओला फोर्ट रंगवताना ग्लेझ गढूळ का होतो?

प्रश्न (ओव्हलकाठचा)

नमस्कार मंडळी. मुंबईच्या फोर्ट भागातल्या ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहिले की पूर्वेला राजाबाई टॉवर आणि त्याच्या शेजारी उच्च न्यायालय दिसते. पाऊस नुकताच थांबलेला, आभाळ अजून भरलेले, अशा वेळचे हे दृश्य मी १८ × २४ इंचांच्या कॅनव्हासवर तैलरंगांत करीत आहे. मागील चित्रांत माझे रंग फार भडक झाले होते, म्हणून या वेळी खालचे चित्र अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर आणि टिटॅनियम व्हाइट यांच्या करड्या छटांत पूर्ण केले आणि तीन दिवसांनी त्यावर रॉ सिएना व आयव्हरी ब्लॅक जवसाच्या तेलात पातळ करून ग्लेझ (खालचे चित्र दिसत राहील असा रंगाचा पारदर्शक थर) दिला. परिणाम असा, की काही ठिकाणी ग्लेझ अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंबाथेंबाने गोळा झाला आणि जिथे तो बसला तिथे दगड भिजलेल्या गोणपाटासारखा दिसू लागला. रस्त्यावरची बेस्टची लाल बस तर विझूनच गेली. रंग मवाळ हवे आहेत, मेलेले नकोत. माझे नेमके कुठे चुकले?

उत्तर (जवस-टर्पेंटाइन)

पहिली चूक घाईची आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि जुलैच्या दमट, उन्हाविना दिवसांत ही क्रिया आणखी रेंगाळते. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो. टिटॅनियम व्हाइट मात्र सावकाश वाळतो, आणि आयव्हरी ब्लॅक तर त्याहूनही सावकाश. त्यामुळे तुमच्या गडद जागा बोटाला कोरड्या लागल्या तरी पांढऱ्याचा जास्त भरणा असलेले आभाळ तिसऱ्या दिवशी बहुधा कच्चेच असणार.

थेंब जमतात ते खालचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट झाल्यामुळे. थर पुरता वाळल्यावर त्यावरून कापलेल्या कांद्याची फोड हलकेच फिरवावी आणि कोरड्या कापडाने पुसून घ्यावे, असा जुन्या मंडळींचा उपाय आहे व तो मला अनेकदा उपयोगी पडला आहे. त्यानंतर माध्यमाचा (रंग पातळ करायच्या तेलमिश्रणाचा) अगदी पुसट थर कापडाने चोळून त्या ओलसर पृष्ठभागावरच ग्लेझ पसरावा. वरचा थर खालच्यापेक्षा थोडा अधिक तेलाचा असावा हे खरे, परंतु नुसत्या तेलात रंग कालवला की तो सुरकुततो आणि पुढे पिवळा पडतो. मी एक भाग स्टँड ऑइलला (तापवून दाट केलेल्या जवसाच्या तेलाला) दोन भाग टर्पेंटाइन घेतो. घाई असलीच तर अल्किड माध्यम वापरावे, ते साधारण दिवसाभरात वाळते.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: जवसाचे तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा मोकळी पसरून वाळवावीत.

उत्तर (करडा पारवा)

वाळण्याचे वर आलेच आहे, पण गोणपाटाचे कारण वेगळे आहे. ग्लेझ म्हणजे रंगीत काच. खालून परत येणाऱ्या उजेडातला काही भाग ती खाणारच, म्हणून ग्लेझने चित्र फक्त गडद होऊ शकते. खालचे चित्र आपल्याला शेवटी हव्या असलेल्या छटेपेक्षा निदान दोन पायऱ्या उजळ ठेवावे लागते. तुम्ही ते अंतिम छटेतच पूर्ण केले आणि वरून काळा घातला, तेव्हा उजेडाला परत यायला वाटच उरली नाही. काळ्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पाहा. दोन्ही पारदर्शक आहेत, आणि त्यांचा करडा हवा तसा निळ्याकडे किंवा तांबूसकडे झुकवता येतो.

शिवाय राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा आहे आणि उच्च न्यायालय काळसर पाषाणाचे. जागेने आयता दिलेला हा फरक एकाच तपकिरी ग्लेझखाली गाडणे मला तरी अन्यायाचे वाटते. टॉवरवर उष्ण ग्लेझ द्या, न्यायालयाचा थंड करडा तसाच राहू द्या आणि टॉवरच्या वरच्या टोकाशी, जिथे तो आभाळात विरतो तिथे, ग्लेझ न देता पांढरट अपारदर्शक रंग कोरड्या ब्रशने घासून लावा. गडदावर असा घासलेला उजळ रंग आपोआप निळसर दिसतो आणि पावसाळी हवा त्यातून साधते.

बसला हिरवट ग्लेझ देऊन मवाळ करू नका, ती आणखी विझेल. तिच्याभोवतीचे करडे रंग किंचित हिरव्याकडे झुकवा, म्हणजे विटका लालही लाल दिसेल. शुद्ध लाल फक्त टपाच्या एका ओल्या कडेला ठेवा.

उत्तर (थेट ब्रश)

माझे मत थोडे निराळे आहे. अ‍ॅटकिन्सन ग्रिमशॉ या इंग्रज चित्रकाराने ओल्या रस्त्यांवरचा दिव्यांचा उजेड पातळ थरांतून मिळवला हे मान्य, पण त्याच काळात चित्रकार व्हिसलरने १८७० च्या दशकात लंडनच्या थेम्स नदीवरची रात्र रंगवली ती दुसऱ्याच रीतीने. तो छटा आधी पॅलेटवर जुळवून ठेवी आणि रंग इतका पातळ करी, की ओघळू नये म्हणून कॅनव्हास आडवा ठेवावा लागे. मवाळपणा पॅलेटवरच ठरवला, तर पावसाळ्यात थर वाळण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. आपल्याला पाच करडे पुरे आहेत. त्यांतला प्रत्येक वेगळा ओळखू आला पाहिजे, एवढीच अट.

प्रश्नकर्ता (ओव्हलकाठचा)

सर्वांचे आभार. मूळ चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे. कॅनव्हासच्या एका तुकड्यावर तीन करड्या पट्ट्या काढून, त्या पूर्ण वाळू देऊन, तिन्हींवर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा एकच ग्लेझ दिला. सर्वांत उजळ पट्टीवर, जी मला आधी फिकी म्हणून नकोशी वाटत होती, ओल्या दगडाचा रंग आला. कांद्याचा वास मात्र अजून खोलीत आहे.