मदत हवी आहे: घरी पॉटीवर बसते, पाळणाघरात शी रोखून धरते

मुलगी अडीच वर्षांची आहे, दिवसभर पाळणाघरात असते. घरी "शू आली" असं स्वतःहून सांगते, चड्डी खाली ओढते, पॉटीवर बसते. दुपारी झोपून उठल्यावर डायपर बहुतेक वेळा कोरडा असतो. म्हणजे तिची तयारी झालेली दिसते आहे. पाळणाघरात मात्र दिवसभर डायपरच.

तिथल्या ताई म्हणतात की इतक्या मुलांमध्ये एकीलाच पुन्हा पुन्हा नेणं जमत नाही, आणि फरशी ओली झाली तर बाकीची घसरतात. त्यांची अडचण मला पटते. त्या जीव लावून सांभाळतात. डायपर ओला झाला की लगेच बदलतात, पुढून मागेच पुसतात, नंतर स्वतःचे आणि तिचेही हात साबणाने धुतात. जरा लाल दिसलं तरी संध्याकाळी आठवणीने सांगतात. त्यामुळे पाळणाघर बदलायचं अजिबात मनात नाही.

खरी काळजी शीची आहे. पाळणाघरात ती शी करतच नाही. घरी आली की सोफ्यामागे जाऊन पाय आवळून उभी राहते, चेहरा लाल होतो. शी कडक होते आणि करताना ती रडते. घरातली मोठी माणसं म्हणतात, दोनदा ओरडा, आपोआप लागेल सवय. मला ते नको आहे. आधीच घाबरलेल्या मुलीला आणखी काय घाबरवायचं?

ताईंवर भार न टाकता त्यांच्याकडे नेमकं काय मागावं? आणि तोवर डायपर चालू ठेवावा की दोन्हीकडे एकदमच बंद करावा?

प्रतिसाद

मी पाळणाघर चालवते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. "सवय लावा" एवढंच म्हटलं तर आम्हाला दिवसभराचं ओझं वाटतं. ठरावीक वेळा मागा: आल्यावर, खाणं झाल्यावर, खेळायला बाहेर पडण्याआधी, झोपेच्या आधी आणि नंतर. या वेळांना आम्ही तीन-चार मुलांना एकत्रच नेतो, एकाचं बघून दुसरं बसतं. "शू आली का?" असं विचारू नका, खेळात रमलेलं मूल नाहीच म्हणणार. "चला, शूची वेळ झाली" म्हणायचं. बसवायचं ते चार-पाच मिनिटंच, नाही झाली तर उठू द्यायचं.

कपडे सैल इलॅस्टिकचे द्या. बटणं, पट्टे, डांगरी नको, तिचं तिला काढता आलं पाहिजे. जास्तीच्या चड्ड्या, मोजे आणि ओल्या कपड्यांसाठी पिशवी रोज द्या. घरी जे शब्द वापरता तेच ताईंना सांगा. आणि एकदा तिच्याबरोबर तिथल्या बाथरूममध्ये जाऊन बघा. मोठ्या कमोडवर पाय लोंबकळत असतील तर जोर लावता येत नाही. पायाखाली छोटं स्टूल आणि वर लहान सीट ठेवली की पुष्कळ मुलं बसायला लागतात. कोणाला फ्लशच्या आवाजाची भीती असते, त्यांना आधी उठवून मग फ्लश करायचा.

प्रतिसाद

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सवयीचं नंतर. शी रोखली की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, ती कडक होते, दुखते, म्हणून मूल आणखी रोखतं. हे चक्र नुसतं समजावून तुटत नाही. डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात आणि ते बरेच दिवस चालू ठेवावं लागतं, दोनदा नीट झाली म्हणून मनाने बंद करू नका. साठलेल्या शीचा दाब मूत्राशयावर येऊन चड्डीही ओली होऊ शकते. कधी कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपते आणि सगळ्यांना जुलाब वाटतात. हे ताईंनाही सांगून ठेवा, म्हणजे तिला कोणी रागावणार नाही. पोट फुगणं, उलट्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर थांबू नका.

तोवर शीसाठी ती डायपर मागत असेल तर द्या. शी न दुखता व्हायला लागली की पॉटीकडे वळवता येतं. ओरडण्याबद्दल तुमचंच बरोबर आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रॅझेल्टन यांनी १९६२ मध्येच मुलाच्या तयारीने, जबरदस्ती न करता जाण्याची पद्धत मांडली होती.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेते. ताईंकडे आधी फक्त खाण्यानंतरची आणि झोपेनंतरची वेळ मागते, एकदम सगळं नको. दुपारच्या झोपेत डायपर राहू द्यावा का?

प्रतिसाद

राहू द्या, पण उठल्याबरोबर काढा. बरेच दिवस कोरडा निघाला की ताईंना विचारून बंद करा. रात्रीची घाई तर मुळीच नको. झोपेत कोरडं राहणं शरीराच्या वाढीवर असतं, शिकवून येत नाही, आणि पाच वर्षांच्या आत त्यासाठी सहसा उपचारही करत नाहीत.