भांडी उलटून बघा
पन्नाशीत नोकरी सोडलीत, बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर रिकामं करताय आणि ‘जुनं सगळं देऊन टाकू का’ असं विचारलंत, म्हणून लिहितो. कपडे, मासिकं खुशाल द्या. पण पूर्वजांचा माग काढायचा तर तांब्या-पितळेची भांडी विकण्याआधी उलटून बघा. आहेरातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव, कधी सालही कोरलेलं असतं. आमच्या पणजीचं माहेर एका घंगाळ्यावरून कळलं! फोटो काढा, मग विका. पितळेला भाव बरा येतो.

कागदांवरची सालं जपून वाचा. बडोद्याच्या मराठी घरांत शक आणि विक्रम संवत दोन्ही सापडतात: शकात 78 मिळवा, संवतातून 57 वजा करा, एखाद्या वर्षाचा फरक धरून. मोडीतलं काही फाडू नका. लिपी शिकता येते, आणि तुमच्याकडे आता वेळच वेळ आहे.

मूळ गाव कळलं की नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा; त्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी असतात. उपाध्याय आधी आडनाव आणि गावच विचारतात. कुणी हरिद्वारला गेलं असेल तर तिथल्या पंड्यांच्या बऱ्याच वह्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट पाहता येतात. पैसे मागणाऱ्या वंशावळीच्या साइट्सचा नाद सध्या नको.